पॉइंट्स आहेत, ओळख कुठंय?

संपादक महोदय,
नोकरीमुळे महिन्यातले आठ-दहा दिवस माझे हॉटेलातच जातात, त्यामुळे मेंबरशिप कार्डं पाकिटात मावेनाशी झालीत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पाहुण्याला पॉइंट्स देऊन बांधून ठेवायचं, ही कल्पना तशी जुनी, हॉलिडे इनने १९८३ सालीच सुरू केलेली. आता मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या मेंबरशिप योजनेत वर्षाला १० रात्री राहिलं की सिल्व्हर दर्जा, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, आणि २४ महिने काहीच हालचाल नसली की साठवलेले पॉइंट्स गायब. असो, नियम निदान लिहिलेले तरी असतात.

माझी तक्रार वेगळीय. मागच्या महिन्यात नागपुरात एका मोठ्या हॉटेलात उतरलो, काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघतच "वेलकम बॅक सर" म्हणाला, आणि मी तिथे पहिल्यांदाच गेलो होतो! वर बुकिंग दुसऱ्या साइटवरून केलं म्हणून पॉइंट्स नाहीत, फुकट नाश्ता नाही, लेट चेकआउटचं तर विचारूच नका. (मोठ्या साखळ्यांचा साधारण हाच नियम असतो, थेट बुकिंग झालं की त्यांचं साइटला द्यायचं कमिशन वाचतं, पण मग हे आधी ठळक सांगा ना.) रूममध्ये मात्र माझ्या नावाचं छापील कार्ड, त्यात आडनाव चुकलेलं.

आमच्या टिळक रोडवरच्या खानावळीत ना कार्ड ना अ‍ॅप, पण मी दिसलो की मामा न विचारता ताटातला भात काढून एक पोळी जास्त ठेवतात. उशिरा गेलो तर "संपलं" पण तेवढ्याच हक्काने म्हणतात. या स्टारवाल्या हॉटेलांनी पॉइंट्स दुप्पट करण्याऐवजी माझ्या नावापुढे एवढंच लिहून ठेवावं, याला उशी पातळ लागते. तीन वर्षं सांगतोय.

— एक वाचक, कोथरूड, पुणे