ही आकृती हिंदी महासागरात चालत नाही

महोदय,

हिंदी महासागराच्या तळावरील धातूंच्या शोधाची बातमी आली की सोबत हमखास एकच आकृती असते: वर लाव्हा, त्याखाली गॅब्रो (खोलवर गोठलेल्या शिलारसाचा खडक) आणि सहा-सात किलोमीटरवर प्रावरण. पूर्व पॅसिफिकच्या रांगेसाठी, म्हणजे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथल्या समुद्रतळावरील डोंगररांगेसाठी, ती ठीक आहे. तिथे तळ बऱ्याच ठिकाणी वर्षाला १०० मिलिमीटरहून अधिक रुंदावतो आणि शिलारसाला तोटा नसतो. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी सल्फाइड (गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी साचणारी धातू-गंधकाची खनिजे) शोधाचा करार केला तो मध्य व नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगांवरील क्षेत्रासाठी. यातली नैर्ऋत्य रांग वर्षाला जेमतेम १४ मिलिमीटर रुंदावते.

इतक्या मंद रांगेवर भूपट्टांमध्ये पडणारी फट भरायला शिलारस पुरत नाही. तो साधारण निम्म्यावर आला की उरलेले काम एखादा मोठा विभंग (खडक ज्या भेगेवरून सरकतात ती) करतो. एकाच विभंगावरून खालचा खडक दहा-वीस लाख वर्षे वर सरकत राहतो. खोलवर हा विभंग ६०-७० अंशांनी उतरतो; पण वरचे ओझे हटल्याने बाहेर आलेला भाग वाकतो आणि तळाशी जवळजवळ आडवा होतो. मग गॅब्रो आणि प्रावरणाचा पेरिडोटाइट घुमटासारखा उघडा पडतो. त्याच्या पाठीवर सरकण्याच्या दिशेने पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या असतात. सोनारच्या नकाशात घुमट ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. समुद्राचे पाणी आत मुरून पेरिडोटाइटमधल्या ऑलिव्हिन या खनिजाचे सर्पेंटाइन हे मऊ खनिज होते, विभंगपट्टीत शंखजिरेही तयार होते. दोन्ही निसरडी, म्हणून नवा विभंग पडण्याऐवजी जुनाच चालू राहतो.

नैर्ऋत्य रांगेवरचा अटलांटिस बँक हा समुद्रातला उंचवटा ही अशीच जागा. तिचा माथा समुद्रसपाटीखाली सुमारे ७०० मीटरवर असून त्यावर थेट गॅब्रो मिळतो. तिथले ७३५बी हे छिद्र १९८७ आणि १९९७ च्या मोहिमांत १,५०८ मीटरपर्यंत गेले, पण खवळलेल्या समुद्रात वेधननळ तुटून आत अडकला आणि काम थांबले.

खरी फसगत भूकंपलहरींची. अर्धवट सर्पेंटाइन झालेला पेरिडोटाइट आणि गॅब्रो यांतून लहरी सारख्याच वेगाने जाऊ शकतात. अटलांटिकमधील अटलांटिस मासिफ या समुद्रतळावरच्या डोंगरात लहरींवरून ताजे, म्हणजे सर्पेंटाइन न झालेले, प्रावरण उथळ असेल असे वाटले होते. २००४-०५ मध्ये १,४१५ मीटर वेधन झाले आणि निघाला बहुतांशी गॅब्रो. त्याच डोंगराच्या दक्षिण भागात २०२३ मध्ये १,२६८ मीटरचे छिद्र घेतले, तिथे मात्र मुख्यतः सर्पेंटाइन झालेला पेरिडोटाइट मिळाला. जाळ्याने खरवडून आणलेल्या दगडांवर तर एकट्याने भिस्त ठेवूच नये. घुमटावर बसाल्टचे सुटे तुकडे पडलेले असतात आणि तेच आधी हाती लागतात.

धातूंच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. अशा विभंगांवरून गरम पाणी रांगेच्या अक्षापासून, म्हणजे भूपट्ट फाकतात त्या मधल्या रेषेपासून, बरेच किलोमीटर दूरही बाहेर पडते, त्यामुळे केवळ अक्षावरच्या दरीत शोध घेऊन भागणार नाही. आणि पाण्याचा झरा सापडला म्हणजे तांबे-जस्त सापडले असेही नाही: अटलांटिस मासिफवरच २००० मध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या झऱ्यांच्या समूहाचे मनोरे ६० मीटरपर्यंत उंच आहेत, पण ते मुख्यतः कार्बोनेटचे. पुढच्या बातमीसोबत निदान मंद रांगेची वेगळी आकृती छापावी, ही विनंती.

– सागरी भूविज्ञानाचे अभ्यासक, गोवा