दोन-दोन फुटांचे तुकडे कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून असलेला रेन ट्री गेला. म्हणजे तो आपणहून पडला नाही, रात्री एक मोठी फांदी खाली पार्क केलेल्या दोन स्कूटरवर आली आणि सकाळी महापालिकेच्या ठेकेदाराची माणसं येऊन उरलेलं झाड धोकादायक म्हणून उतरवून गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बुंधा तळाशी पोकळ होता हे मी स्वतः हात घालून बघितलंय. पण त्या पोकळीच्या वरचा नऊ-दहा फुटांचा भाग एकदम ठणठणीत, कवेत न मावणारा, आणि कापल्यावर आतला गाभा असा चॉकलेटी की बघत राहावं. आणि ठेकेदाराच्या पोरांनी पेट्रोलच्या करवतीने त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे केले.

मी म्हटलं अरे, आठ फुटांचा एक ओंडका तरी अख्खा ठेवा, तर म्हणे काका, उचलणार कोण? तेही खरंच आहे म्हणा, दोन फूट जाडीचा आठ फुटी ओला ओंडका सहाशे किलोच्या आसपास भरतो, त्यांच्याकडे चार माणसं आणि एक टेम्पो. पोरांची चूक नाही. काम देताना कोणी त्यांना लाकूड वाचवा असं सांगितलेलंच नसतं, फक्त रस्ता मोकळा करा एवढंच सांगितलेलं असतं.

आता दोन फुटांच्या तुकड्याची फळी काय होणार? त्याचं सरपणच होतं, नाहीतर डम्पिंगवर जाऊन कचऱ्याखाली हवा न लागता कुजतं आणि मिथेन सोडतं. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं. झाडाने तीस-चाळीस वर्षं हवेतून ओढून साठवलेला माल तो, टेबल केलं तर आणखी तेवढी वर्षं घरात राहील, जाळला तर एका दुपारीत परत हवेत. स्मशानात गेलं तरी निदान कोणाच्या तरी उपयोगाला आलं म्हणेन मी, पण तिथेसुद्धा फांद्या चालतात की, त्यासाठी फळी होणारा बुंधाच कशाला?

माझे वडील सुतार होते, नौपाड्यात छोटं दुकान, म्हणून हे जरा जास्त लागतं. त्यांच्याकडे लाकडातलं काही म्हणजे काहीच फेकलं जायचं नाही. मोठ्या फळीतून उरलं त्याचे पाट, पाटातून उरलं त्याच्या खुंट्या, खुंटीतून उरलं त्याच्या पाचरी. भुसा पोत्यात भरून घरी यायचा आणि आई भुशाची शेगडी लावायची. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत वर काढायची की मधे धुराडं तयार, खालून पेटवलं की मंद मंद जळत आख्ख्या घराच्या आंघोळीचं पाणी तापायचं. बाटली काढायचं काम माझं, आणि भुसा ढासळला की बोलणीपण मलाच.

तेव्हा आमच्याकडे झाड तोडणं हे पाप नव्हतं, वाया घालवणं हे पाप होतं. आता उलटं झालंय, तोडण्यावर मोर्चे निघतात, पेपरात फोटो येतात, आणि तोडून झालं की त्या लाकडाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा 1975 चा आहे, 2021 मध्ये त्यात सुधारणा झाली, पन्नास वर्षांच्या झाडाला हेरिटेज म्हणायचं ठरलं, जेवढं झाडाचं वय तेवढी नवीन झाडं लावायची असंही आलं. चांगलंच आहे. पण सगळी चर्चा झाडं मोजण्याची, लाकडाबद्दल अक्षर नाही.

आणि आपल्याच राज्यात हे काम नीट करणारे लोक आहेत हो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाच्या लाकूड डेपोत प्रत्येक ओंडक्याची लांबी-गोलाई मोजून, नंबर टाकून, हातोड्याचा शिक्का मारून लिलाव होतो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये साग गेला तो चंद्रपूर-गडचिरोलीकडचाच. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथली ग्रामसभा स्वतः बांबू तोडते, विकते आणि जंगल जागेवर आहे. जेवढं वाढतं तेवढंच काढायचं, हा विचार जर्मनीत कार्लोविट्झ नावाच्या खाणअधिकाऱ्याने 1713 मध्ये लिहून ठेवला होता, तोही खाणींना लाकूड पुरेना म्हणून. आणि आपण इथे पॅकिंगच्या खोक्यांसाठी न्यूझीलंडचं पाइन जहाजाने कांडल्याला उतरवतो आणि घोडबंदर रोडचा आंबा-फणस तुकडे करून टाकतो. आंब्याच्या लाकडाचं फर्निचर ऑनलाइन काय भावाने विकतात ते एकदा बघा. त्याला भुंगा लागतो हे खरं, पण बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून काढलं की भागतं. जांभळाची फळी तर पूर्वी विहिरीच्या तळाशी घालायचे, पाण्यात कुजत नाही म्हणून.

अडचणी नाहीत असं नाही. वखारवाले शहरातलं झाड घ्यायला तयार नसतात कारण त्यात खिळे असतात, कोणी क्लासची पाटी ठोकलेली, कोणी केबल, कोणी दिवाळीची लायटिंग. खोड जाड होत गेलं की खिळा आत गडप होतो आणि करवतीचं पातं त्याच्यावर आलं की दात गेले. लाकडाच्या वाहतूक परवान्याची कटकट वेगळीच. पण हातातला मेटल डिटेक्टर मॉलच्या दारावरच्या वॉचमनकडेपण असतो, तो एक वखारीत ठेवायला काय हरकत आहे? बाकी महापालिकेकडे मागणं साधं आहे, झाडं कापायच्या टेंडरमध्ये एक ओळ टाका की फूटभरापेक्षा जाड आणि निरोगी बुंधा सहा फुटांपेक्षा लहान कापायचा नाही, उचलायला क्रेन द्या, आणि शहरात एखादी मोकळी जागा बघून तिथे ओंडके रचा, लिलाव करा. बागेतले बाक, शाळेची बाकडी, काय वाट्टेल ते होईल. फांद्या श्रेडरमध्ये घाला, पालापाचोळ्याचं खत, भुशाचं व्हाइट कोल, म्हणजे दाबून केलेल्या जळाऊ कांड्या, करून भट्ट्यांना. पैसे येतील ते झाडांनाच लावा.

त्या दिवशी टेम्पोतल्या पोराकडे मी एक तुकडा मागितला, तो हसून म्हणाला न्या काका, तेवढंच वजन कमी. ओळखीच्या वखारीत, खिळे नाहीत अशी माझी गॅरंटी देऊन, त्याच्या दोन इंची चार फळ्या काढून घेतल्या. दोन्ही टोकांना ऑइल पेंट लावून, मधे पट्ट्या घालून गॅलरीत वाळत ठेवल्यात, वर पेन्सिलने तारीख लिहिलीय. एवढ्या जाडीला दोन वर्षं तरी लागतात. बायको रोज विचारते ह्याचं नक्की काय होणार. मी म्हणतो, आता दोन फुटांत पाटच होणार, अख्खा ओंडका असता तर बाक झाला असता.

आपला,
एका सुताराचा मुलगा, नौपाडा, ठाणे