विमानतळ निवडताना घाबरणाऱ्या प्रवाशांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातला सिंधुदुर्गातला चिपी आणि गोव्यातले मोपा व दाबोळी या तीन विमानतळांची तुलना करणारा तक्ता वाचला. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याहून कुठलं जवळ पडतं, गाडीला किती खर्च येतो, तिकीट कुठून स्वस्त मिळतं, हे सगळं त्यात नीट मांडलं आहे. आमच्या आळीत ते कात्रण दोन-तीन घरांत जपून ठेवलं आहे. पण विमानात बसायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात आदल्या रात्रीपासून गोळा येतो, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात एक ओळही नाही. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत, आणि मी त्यांच्यातलीच एक. लेक-जावई आणि नातू बेंगळुरूला असतात, त्यामुळे जाणं चुकत नाही. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा विमानतळाची निवड कशी करावी याचा मी माझ्यापुरता अभ्यास केला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून हे पत्र.

आधी एक विनंती. घाबरणाऱ्या माणसाला रस्ते अपघातांचे आकडे ऐकवू नयेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली आणि विमानप्रवास त्याहून कितीतरी सुरक्षित आहे, हे मला पाठ आहे. झाराप-पत्रादेवी रस्त्यावर मोठ्या ट्रकांच्या मागे-पुढे जाताना मला काही वाटत नाही, आणि विमानाचं दार बंद झालं की हात गार पडतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे घडलं, विमानातली आणि खालच्या वस्तीतली मिळून २६० माणसं गेली, त्यानंतर तर माझ्या ओळखीतल्या, आजवर न घाबरणाऱ्यांनीही तिकिटं रद्द केली. अशा माणसाला आकडे सांगून धीर येत नाही. काय चाललं आहे आणि पुढे काय होणार आहे हे कळलं, तर येतो.

आता विमानतळांविषयी. आमच्या भागातले हे तिन्ही विमानतळ सड्यावर आहेत. कोकणातल्या माणसाला सडा म्हणजे काय हे सांगायला नको: वर जांभ्याचं सपाट कातळ आणि कडेला उतार. त्यामुळे 'टेबलटॉप' हा शब्द बातम्यांत आला की आमच्याकडे लगेच चिपीचा विषय निघतो. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात तसंच झालं आणि २१ जण गेले. त्यात विमान चालवणारे, वायुसेनेतून निवृत्त झालेले विंग कमांडर दीपक साठेही होते. आपल्या नागपूरचे, म्हणून ती बातमी महाराष्ट्राला जास्तच लागली.

या दोन्ही अपघातांच्या चौकशीतून काय निघालं ते मी मुद्दाम वाचलं. वाचताना रडू आलं, पण भीतीला एक आकार आला. कोळिकोडची धावपट्टी सुमारे २७०० मीटर होती आणि विमान टेकलं ते जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर. मंगळूरला उतरतानाच विमान नको तितक्या उंचीवर होतं. उतरणं सोडून पुन्हा वर घ्या, असं सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, तरी ते वर घेतलं गेलं नाही. म्हणजे सडा किंवा धावपट्टीची लांबी एवढंच कारण नव्हतं. पुन्हा वर जायला हवं होतं आणि गेलं नाही, हे खरं दुखणं. सड्यावरच्या धावपट्टीवर चुकीला माफी कमी असते, एवढंच. म्हणूनच धावपट्टीच्या टोकापलीकडे मोकळी सुरक्षित पट्टी किती आहे याला महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ती किमान ९० मीटर हवी आणि २४० मीटर असावी अशी शिफारस आहे. आपल्या तक्त्यात टॅक्सीभाड्याशेजारी हा आकडाही द्यायला हवा होता.

लांबीविषयी लोकांचा एक गैरसमज आहे तोही लिहिते. चिपीची धावपट्टी २५०० मीटर, मोपाची ३५००, दाबोळीची ३४०० च्या आसपास. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की चिपी धोक्याचं वाटायला लागतं. पण चिपीला येणारं पंख्याचं एटीआर विमान सत्तर-बहात्तर माणसांचं असतं आणि पूर्ण भरलेलं असलं तरी त्याला उड्डाणाला सव्वा ते दीड हजार मीटर पुरतात. त्याच्या दृष्टीने चिपीला भरपूर जागा आहे. मोपाला मोठी जेट विमानं येतात आणि त्यांनाही तिथे भरपूर जागा आहे. धावपट्टी आणि विमान यांची जोडी बघायची असते. नुसती धावपट्टी बघून निर्णय घेऊ नये.

मग मी स्वतः मोपा का निवडते? माझी भीती धावपट्टीची नाहीच, हादऱ्यांची आहे. विमान हवेत गचके खायला लागलं की मला पुढचं-मागचं सुचत नाही. एटीआर विमान जेटपेक्षा बरंच खालून उडतं. जेट पस्तीस हजार फुटांच्या आसपास जाऊन ढगांच्या वर निवांत चालतं, तर एटीआर पंचवीस हजारांच्या वर जातच नाही. उन्हाळ्यात दुपारी घाट ओलांडताना त्याला हादरे जास्त बसतात. त्याने विमानाला काही होत नाही, पण माझ्यासारखीला तो तास फार मोठा होतो. म्हणून मोठं विमान, पंखाजवळची जागा आणि शक्य तितकी सकाळची वेळ, हे माझं ठरलेलं आहे. पंखाजवळ हादरे कमी जाणवतात, शेपटाकडे जास्त. आणि ऊन चढून जमीन तापली की गरम हवा वर उठायला लागते, त्याच्या आत निघालेलं बरं.

ही वेळेची गोष्ट आली की दाबोळी मागे पडतं, आणि हे कुणी सांगत नाही. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ. सोमवार ते शुक्रवार साधारण साडेआठ ते साडेबारा ही वेळ नौदलाच्या सरावाची असते, तेव्हा प्रवासी विमानांना तिथे वाव नसतो. शिवाय इथून दाबोळीला जायचं म्हणजे म्हापसा, पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामातली वाहतूक, पणजी, मग झुआरीचा पूल. आधीच धाकधूक असलेल्या माणसाला घड्याळाकडे बघत पर्वरीत अडकून पडणं सोसत नाही. विमानतळावर पोचेपर्यंतच तो अर्धा खचलेला असतो. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली आणि तिथे चोवीस तास वाहतूक असते. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की फार लांब नाही. बेळगावचा सांबरा विमानतळही काही जण सुचवतात, पण आंबोली घाटाची वळणं आणि पावसात दरडींची भीती, म्हणून तो माझ्यासाठी बाद.

आमच्या शेजारच्या वहिनींची तऱ्हा मात्र वेगळी. त्यांना हादऱ्यांचं काही नाही, त्यांना गर्दीची आणि कोंडलेल्या जागेची भीती वाटते. लांबच लांब रांगा, काचेच्या भिंती, सरकते जिने, कुठल्या दाराने जायचं याचा गोंधळ, यानेच त्यांचा जीव गुदमरतो. त्यांना चिपी मानवतं. छोटी इमारत, दहा पावलांवर तपासणी, आणि मग मोकळ्या हवेत चालत विमानापर्यंत जायचं. विमान समोर उभं असलेलं दिसतं, त्याची चाकं, पंखे बघता येतात. वाऱ्यावर चालत जाऊन चार पायऱ्या चढल्या की त्यांना बरं वाटतं. मोपाच्या बोगद्यासारख्या पुलावरून विमान न दिसताच आत शिरणं त्यांना नको वाटतं. दोघींची भीती विमानाचीच, पण दोघींना विमानतळ वेगवेगळे हवेत. हे तक्त्यात कसं बसवायचं ते आपण बघावं, पण बसवावं जरूर.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते सांगते. पावसाळ्यात बेंगळुरूहून गोव्यात उतरत होते. खाली लाल माती, माड, घरांची कौलं सगळं स्पष्ट दिसायला लागलं होतं. आता चाकं टेकणार एवढ्यात इंजिनं एकदम गरजली, पाठ आसनाला चिकटली आणि विमान नाक वर करून पुन्हा ढगात शिरलं. मागे कुणीतरी "देवा रवळनाथा" म्हणून ओरडलं, एक लहान मूल रडायला लागलं. शेजारच्या तरुण मुलाने माझा हात घट्ट धरला. मी त्याला ओळखतही नव्हते. कितीतरी वेळ कुणीच काही बोललं नाही. विमान ढगात गोल फिरत होतं आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी हवाईसुंदरीने "खराब हवामानामुळे" एवढंच इंग्रजीत आणि हिंदीत सांगितलं. पुढच्या खेपेला विमान नीट उतरलं.

त्या दिवशी वैमानिकाने जे केलं, तेच मंगळूरला झालं असतं तर १५८ घरं वाचली असती. समोरची धावपट्टी पावसात दिसेनाशी झाली किंवा बाजूचा वारा वाढला तर पुन्हा वर जायचं, हा नियम आहे आणि तो पाळणारा वैमानिक आपल्या सगळ्यांचा जीव जपत असतो. आमच्या विमानातल्या माणसांना हे ठाऊक असतं तर त्यांनी देवाचा धावा करण्याऐवजी देवाचे आभार मानले असते. वैमानिकाचे हात तेव्हा कामात असतात हे मला समजतं, पण विमान वर जाऊन स्थिर झाल्यावर तीन वाक्यं पुरेशी होती. दुसऱ्या एका प्रवासात वैमानिकाने उड्डाणाआधीच सांगितलं होतं, "घाटावर ढग आहेत, दहा मिनिटं हादरे बसतील, मग शांत होईल." आणि तसंच झालं. ती दहा मिनिटं मी डोळे उघडे ठेवून बसले होते.

हेच उड्डाणाच्या वेळचं. वर उठल्यावर मिनिटाभरात इंजिनाचा आवाज उतरतो आणि पोटात खड्डा पडतो, विमान खाली चाललं असं वाटतं. खरं तर उड्डाणाला लागणारा जास्तीचा जोर वैमानिकाने कमी केलेला असतो, विमान चढतच असतं. हे मला कळेपर्यंत माझी वर्षं गेली. मोपाला आणि चिपीला प्रतीक्षालयात जाहिरातींच्या एवढ्या मोठ्या पाट्या आहेत. त्यांच्या शेजारी मराठीत आणि कोकणीत एक फलक लावावा: कोणते आवाज येतील, कधी येतील, विमान पुन्हा वर गेलं तर का गेलं. खर्च काहीच नाही.

आणि चिपीविषयी दोन शब्द, कारण तो आपला. माझे दीर मला नेहमी विचारतात, "वयनी, आपला चिपी आसताना मोप्याक कित्याक जातास?" त्यांचं बरोबर आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं तेव्हा जिल्ह्याला झालेला आनंद मी बघितला आहे. पण मुंबईची सेवा तीन वर्षांत थांबली, त्याने विश्वासाला तडा गेला. ज्याला भीती वाटत नाही त्याचं विमान रद्द झालं तर त्याचा दिवस वाया जातो. ज्याला वाटते, त्याने आठवडाभर मन घट्ट करून, रात्रभर जागून, जपमाळ पर्समध्ये टाकून जो धीर गोळा केलेला असतो, तो सगळा वाया जातो. माझं विमान एकदा आयत्या वेळी रद्द झालं, आणि दुसऱ्या दिवशीचं फुकट तिकीट हातात असूनही माझा पाय घराबाहेर निघाला नाही. नातवाचा वाढदिवस मी फोनवर बघितला. आमच्यासारख्यांना धावपट्टीच्या लांबीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, ठरलेलं विमान ठरल्या दिवशी सुटेल ही खात्री लागते.

चिपीवरून राजकारण पुष्कळ झालं. लोकप्रतिनिधींनी आणखी नव्या शहरांच्या घोषणा करण्याआधी आहेत ती विमानं वर्षभर नेमाने चालतील एवढं बघावं. मग मी, हादऱ्यांची भीती असूनही, सकाळचं एटीआर पकडून चिपीहून जाईन. दिवाळीला लेकीकडे जायचं आहे. त्याआधी आपण हा तक्ता पुन्हा छापावा आणि त्यात चार रकाने वाढवावेत: विमान कुठल्या प्रकारचं, सुटण्याची वेळ, धावपट्टीपलीकडची सुरक्षित पट्टी, आणि मागच्या सहा महिन्यांत किती विमानं रद्द झाली.

आपली,
टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
सावंतवाडी