वाडा पडला, निदान त्याची नोंद तरी राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की गावोगावचे जुने वाडे कोसळल्याच्या बातम्या येऊ लागतात. ढिगाऱ्याचा एक फोटो, चार ओळी मजकूर, आणि पुष्कळदा शेवटी एक वाक्य असते: या वाड्यात गुप्तधन असल्याची, किंवा वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार गेल्याची गावात चर्चा आहे. आमची तक्रार याच वाक्याबद्दल आहे. ते छापून आले की कुदळी घेऊन माणसे येतात. देवघराची फरशी उखडली जाते, जोत्याचे दगड उलथतात आणि बळदे (धान्य साठवायच्या बांधीव पोकळ्या) फोडली जातात. उभ्या भिंती पडल्यावरही वाड्याचा जो नकाशा जमिनीवर शिल्लक राहिलेला असतो, तोच त्यामुळे नाहीसा होतो.

भुयार म्हणून दाखवली जाणारी जागा बहुधा धान्याचे पेव, तळघर, नाहीतर चौकातले पाणी बाहेर काढणारी बांधीव मोरी असते. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच असते आणि खाली ते रुंदावत जाते. मोरीला उतार असतो आणि तिचे दुसरे तोंड परसात, ओढ्याकडे किंवा गावदरीकडे सापडते. आत उतरण्यापूर्वी हे बाहेरून तपासता येते. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि कुजके धान्य असेल तर ती जीवघेणी ठरते, म्हणून उतरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

वाडे का पडतात, याबद्दलही 'जुना झाला म्हणून पडला' याच्या पलीकडे कोणी लिहीत नाही. मराठवाड्यातल्या धाब्याच्या वाड्यात तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण (बारीक काटक्यांचा थर), त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. मृगाच्या आधी दरवर्षी त्यावर खारी माती टाकून धाबे चोपावे लागते. घरातली माणसे शहरात गेली, हे काम थांबले, की दोन-चार पावसाळ्यांत पाणी मुरते आणि भिंतीत गेलेली कड्यांची टोके आधी कुजतात. मधला भाग वरून धडधाकट दिसतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. देशावरच्या दगडविटांच्या वाड्यात रोग वेगळा असतो. भिंतीचे आतले व बाहेरचे दर्शनी थर चांगल्या बांधणीचे असतात, पण मधली भर माती-दगडगोट्यांची. भिंतीच्या माथ्यावरचे कौल सरकले की पाणी त्या भरीत उतरते, भर फुगते आणि भिंतीला पोट येते. पोट आलेली भिंत वर सिमेंट थापून थांबत नाही. सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत अधिक लवकर सुटते. माथा झाकणे, चौकाची मोरी मोकळी ठेवणे आणि पिंपळ-उंबराची रोपे लहान असतानाच काढणे, एवढे केले तरी पडकी भिंत बरीच वर्षे तग धरते. मोठा झालेला पिंपळ मात्र उपटू नये. मुळांबरोबर दगड येतात. तो बुंध्याशी कापून पुन्हा फुटणार नाही, याची काळजी घ्यावी.

पैशाचे कारण याहून खोल आहे. १९४८चा कूळकायदा, १९५०चा परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा, १९६२चा मुलकी पाटील पद रद्द करणारा कायदा, यांनी वाड्यांमागचे उत्पन्न संपवले. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झाले, पण वाड्याची डागडुजी त्याच उत्पन्नातून होत होती हेही खरे. त्यात १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातले कितीतरी वाडे गेले. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवकडच्या जड मातीच्या छपरांनी आणि जाड दगडी भिंतींनी माणसे गाडली. तेव्हा अनेक गावे नव्या जागी वसली आणि जुन्या गावठाणातले वाडे तसेच मागे राहिले. एखादा वाडा नेमका कशाने गेला, हे त्याच्या नोंदीत लिहिले पाहिजे. जळलेल्या वाड्यात तुळयांची कोळसा झालेली टोके भिंतीच्या खाचांत सापडतात. लाकूड विकून मोकळ्या केलेल्या वाड्यात त्या खाचा स्वच्छ असतात, कडेचा दगड फोडलेला असतो.

आता नोंद कशी करायची ते सांगतो. मोजणीला माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंतचा काळ उत्तम, कारण गवत वाळलेले असते. दोघे टेप धरायला, एक लिहायला, अशी किमान तीन माणसे हवीत. माडी शिल्लक असेल तर तिच्याखाली उभे राहून मापे घेऊ नयेत. पावसात तर पांढऱ्या मातीच्या भिंतीजवळही जाऊ नये. तीस मीटरचा टेप, होकायंत्र, आलेख कागद आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगवलेली एक काठी पुरते. होकायंत्र लोखंडी दारापासून आणि उभ्या मोटारसायकलीपासून लांब धरावे, नाहीतर उत्तर चुकते. भिंतीची मापे तुकड्यातुकड्याने घेऊन बेरीज करू नये. टेपचे शून्य एका कोपऱ्यावर ठेवून दार, कोनाडा, खिडकी ही सगळी त्याच शून्यापासून वाचावीत, म्हणजे चूक साठत जात नाही. प्रत्येक दालनाची दोन्ही तिरपी, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची, मापे घ्यावीतच. जुने दालन क्वचितच काटकोनात असते आणि तिरप्या मापांशिवाय काढलेला नकाशा कागदावर जुळत नाही. भिंतीची जाडी उंबऱ्याशी मोजावी. एका मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात साधारण आकाराचा वाडा एका मोठ्या कागदावर बसतो.

खांब गेले असतील तरी तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, पाहावेत. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सुरूदार खांब विकले जातात, दगडी तळखडा जागेवर राहतो. तळखडे मोजले की खण (दोन खांबांमधले गाळे) कळतात, आणि खण कळले की जुन्या कागदातले 'पूर्वेकडील सोपा खण तीन' हे वाक्य जमिनीवर बोट ठेवून दाखवता येते. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला. त्याची आतली रचना आज समजते ती मुख्यतः उरलेल्या जोत्यांवरून. खेड्यातल्या वाड्याचे जोतेही तेवढेच बोलके असते, फक्त ते जेसीबी येण्यापूर्वी मोजलेले हवे. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या, गढ्यांना तर आणखी एक धोका आहे. त्यांची माती खत म्हणून शेतात नेली जाते, आणि बुरुजासकट अख्खी गढी काही हंगामांत काळीत, म्हणजे शेतजमिनीत, पसरते.

फोटो काढताना भिंतीसमोर सरळ उभे राहून, रंगवलेली काठी भिंतीला टेकवून काढावा. त्याचा क्रमांक आणि दिशेचा बाण नकाशावर लगेच टाकावा. शिलालेख असेल तर अक्षरांत खडू किंवा रंग भरू नये. भरणाऱ्याला जे वाचता आले तेच मग फोटोत दिसते. संध्याकाळनंतर बॅटरी बाजूने, जवळजवळ दगडाला चिकटवून धरली तर झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

'वाडा पेशवेकालीन आहे' हे वाक्य सरसकट लिहिले जाते. एकाच वाड्यात तीन-तीन काळांची कामे असतात, म्हणून काळ भागाभागाला द्यावा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगळूरला निघाला. तेव्हा ती कौले असलेले छप्पर त्यानंतरचेच, मग खालची भिंत कितीही जुनी असो. तुळईच्या जागी घातलेल्या लोखंडी रुळांवर कारखान्याचे नाव ओतलेले असते, ते टिपावे. हाताने घडवलेले चौकोनी खिळे आणि गोल तारेचे खिळे यांतही काळाचा फरक आहे. चुन्याचा गिलावा आणि नंतरची सिमेंटची डागडुजी एकमेकांना कुठे भिडतात, ती रेघ नकाशावर काढावी.

कागदांत सर्वात मोलाचे कागद म्हणजे वाटणीपत्र, आणि त्याच्याकडे सर्वांत दुर्लक्ष होते. सनदेला चौकट मिळते, वाटणीपत्र रद्दीत जाते. वास्तविक भावाभावांनी वाडा वाटताना कोणाला कोणता सोपा, किती खण, आडावर कोणाचा हक्क, दिंडीतून (मोठ्या दारातल्या लहान दारातून) कोणी जायचे, देवघर सामाईक की वेगळे, हे सगळे त्यात असते. वाड्याचे इतके बारकाईचे वर्णन दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाही. त्याला ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधली (घरपट्टीच्या नोंदवहीतली) लांबी-रुंदी, मिळकत पत्रिका आणि फेरफार नोंदी यांची जोड द्यावी. इनामाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनची, म्हणजे इंग्रजांनी इनामे तपासायला नेमलेल्या समितीची, दप्तरे आहेत.

मोडी कागदातली तारीख बदलून घेताना बहुतेक चुका होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी लागल्यानंतरच्या पौष, माघ, फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. मराठी दप्तरात वापरलेल्या, मृगापासून सुरू होणाऱ्या शुहूर सनात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६०० मिळवावेत, महसुलाच्या दख्खनी फसली सनात ५९० आणि ५९१. पडताळा पाहायचा तर पानिपताची तारीख घ्यावी. १४ जानेवारी १७६१ म्हणजे पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, शुहूर सन ११६१, फसली ११७०. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकं आधी आणि हजार शेवटी: इहिदे सितैन मया व अलफ. यातला 'मया' म्हणजे शंभर आणि 'मयातैन' म्हणजे दोनशे. घाईत वाचले की कागद शंभर वर्षांनी मागेपुढे होतो आणि खापरपणजोबांच्या नावावर त्यांच्या आजोबांचा पराक्रम चढतो.

कागदांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, कडक उन्हात वाळत घालू नयेत. लोखंडी टाचण्या हळूच काढून सुती कापडात बांधावेत, जुन्या दप्तरांत रुमाल बांधत तसेच. फोटो सावलीत, कागद सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे घ्यावेत. लांब कागद बंद (कागदाचे सुटे तुकडे) जोडून केलेला असतो आणि जोडावरचे शिक्के पाठीमागे असतात.

आणि आठवणी. त्या विचारताना काळाने विचारू नये, जागेने विचारावे. 'तुमच्या लहानपणी कसं होतं?' याला उत्तर येते ते सगळ्यांचे सारखेच. 'आजी, या बळदात काय भरायचे? तोंड कोणत्या बाजूला होते? याची किल्ली कोणाकडे असायची?' असे विचारले की माणूस बोलू लागतो. नकाशा पुढ्यात ठेवावा, शक्य असेल तर हात धरून दालनादालनांतून न्यावे. माहेरवाशिणी आणि सुना यांना वेगवेगळे विचारावे. लेकीला माडी आणि चौक आठवतो, सुनेला चुलीची दिशा, पाणी कुठून यायचे आणि बाळंतिणीच्या खोलीत उजेड किती होता हे आठवते. वाड्यावर राबलेले गडी, सुतार, गवंडी, बलुतेदार यांच्या घरी जाऊनही विचारलेच पाहिजे. देवडीच्या आत ज्यांना येऊ दिले जात नव्हते, त्यांना वाडा कुठून आणि कसा दिसे, हाही त्या वाड्याचाच इतिहास आहे. तो वगळून केलेली नोंद आम्ही अपुरी मानतो.

सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांवर वेगवेगळी खूण करावी. साल आठवत नसेल तर ओळखीच्या घटनेला टेकवावे: पानशेतच्या आधी की नंतर (१२ जुलै १९६१), कोयनेच्या भूकंपात (११ डिसेंबर १९६७) ही भिंत होती का, बहात्तरच्या दुष्काळात आडाला पाणी होते का. दोघांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहावे. त्यांची सरासरी काढून तिसरीच कथा तयार करू नये.

वारसांना आणखी एक सांगणे. कोरीव चौकट, तुळई, महिरप विकण्याआधी १९७२चा पुरावशेष कायदा पाहा. इमारतीपासून सुटी झालेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत येते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. विकण्याचा निर्णय झालाच असेल तर निदान ती कुठल्या भिंतीत, कोणत्या तोंडाने बसवलेली होती याचा मोजपट्टीसकट फोटो आधी घ्या. जमिनीत पुरलेले धन खरोखरच सापडले, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. म्हणजे न कळवता रात्री उकरणाऱ्याच्या हाती कायद्याने काहीच लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की वाडा पडल्याची बातमी देताना वार्ताहरांनी गाव, तालुका, मिळकत क्रमांक, वाड्याच्या तोंडाची दिशा, किती चौकांचा होता, कशाने पडला आणि कागद कोणाकडे आहेत एवढे विचारून छापावे. वारसांची संमती असेल तर पडण्याआधीचा एखादा जुना फोटोही द्यावा. गुप्तधनाचे आणि भुयाराचे वाक्य गाळावे. ज्यांनी मोजणी केली असेल त्यांनी नकाशा, फोटो आणि आठवणींच्या तीन प्रती कराव्यात. एक घरात, एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत, आणि एक पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्यासारख्या संस्थेला विचारून तिथे ठेवावी. प्रत्येक प्रतीवर मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्यांची नावे घालायला विसरू नये.

आपला,
जुन्या वाड्यांच्या नोंदी करणारा एक वाचक