बर्फावरचा लेहरा

व्हँकूवर, 9 फेब्रुवारी

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि तू मात्र त्या जुन्या कॅसेटवरचे रेकॉर्डिंग स्वच्छ करून पाठवलेस, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. आमच्या प्रकृती ठीक आहेत. माझा रक्तदाब गोळीच्या आज्ञेत आहे आणि स्मिताचा खांदा बरा आहे. लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे आणि ते इथे कोणाला सांगण्याची सोय नाही. मुक्ताला सांगून पाहिले, तर "बाबा, मग गाणं बदला ना," एवढे म्हणून ती निघून गेली. तबल्याला आधार म्हणून पेटीवर तीच धून फिरवत राहायची, त्या लेहऱ्याला स्मिता अजूनही सवतच मानते, त्यामुळे तिच्यापाशी विषय काढला नाही.

हिवाळ्यात मी संध्याकाळी स्नोबोर्ड घेऊन सायप्रसच्या डोंगरावर जातो, हे तुला ठाऊक आहेच. (या वयात हे काय, ही तुझी पृच्छा पोचली आहे, उत्तर नाही.) 2010 च्या ऑलिंपिकमधल्या स्नोबोर्डच्या स्पर्धा याच डोंगरावर झाल्या, आणि त्या वर्षी हिवाळा असा उबदार निघाला की ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून ओतावा लागला होता. समुद्र जवळ असल्यामुळे इथला बर्फ मुळातच ओलसर असतो, आणि दिवसा भिजलेला तो रात्री दिव्यांच्या उजेडात दगडासारखा कडक होतो. हेल्मेटच्या कानपट्ट्यांत बिस्किटाएवढे दोन चपटे स्पीकर बसवले आहेत आणि त्यांची बटणे हातमोजा न काढता दाबता येतात. फोन मात्र अगदी आतल्या खिशात अंगाशी ठेवावा लागतो, कारण थंडीत बॅटरी पाहता पाहता मान टाकते.

या सरंजामानिशी मी तुझे रेकॉर्डिंग लावले. सोळा मात्रांचा तीनताल, मध्यलय, पेटीवर मी, तबल्यावर तू, आणि मागे पंतांचा खोकला. स्नोबोर्डवर दोन्ही पाय फळीला आडवे जखडलेले असतात, त्यामुळे वळणे दोनच प्रकारची: एक पायाच्या बोटांकडच्या कडेवर, दुसरे टाचांकडच्या. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, मी बोटांच्या कडेवर जाई आणि नवव्या मात्रेला, टाळी न देता हात उघडतो त्या 'खाली'वर, टाचांच्या. एका आवर्तनात दोन वळणे, आठ-आठ मात्रांची, कुठे ओढाताण नाही. इतक्या वर्षांत माझ्या पेटीचा कोणाला असा उपयोग झाला नसेल. ओघात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, ती नोंदवून ठेव. लेहरा एकटा चालू असतो तोवर माझे पाय निवांत असतात. तुझा रेला, तो बोलांचा जलद ओघ, सुरू झाला की चार-पाच आवर्तनांत वळणे आखूड होऊ लागतात. तेव्हा या रेकॉर्डिंगच्या वेळी मिरजेला लय कोणी चढवली, याचा निकाल पायांनी दिलेला आहे. पंतांसमोर तू मला जे बोललास ते मी विसरलेलो नाही.

आता मुख्य गोष्ट. लहान मुलांना शिकवता यावे म्हणून मी यंदा प्रशिक्षकांच्या वर्गात नाव घातले. शिकवणारी मुलगी मुक्ताहून फार मोठी नसेल. कानात काही चालू ठेवायचे नाही, असे तिने पहिल्यालाच सांगितले आणि मी बटण दाबून तुला गप्प केले. खाली उतरल्यावर ती म्हणाली की तुमचे टाचेवरचे वळण नेहमी लवकर संपते. मी तिला सांगणार होतो की बाई, मी आयुष्यभर लेहरा धरणारा माणूस आहे, समान मात्रा मोजणे हाच माझा धंदा. पण वर जाताना पाळण्यातून तिने माझी वाट दाखवली. यंत्राने नुकत्याच दाबलेल्या बर्फावर बारीक समांतर रेघा असतात आणि त्या कापत गेलेली माझी रेघ स्पष्ट दिसत होती: एक आखूड कोर, एक लांब कोर, पुन्हा आखूड, पुन्हा लांब. पुढच्या खेपेला मी मनात मोजले. टाचेवर तीन, बोटांवर चार. अव्या, माझे पाय सात मात्रांच्या रूपक तालात चालतात! आणि ते तीन मात्रांचे वळण येते नेमके 'खाली'वर, म्हणजे रूपकाची सम जिथे असते तिथेच. हे ऐकून तू खुर्चीतून पडशील याची मला खात्री आहे.

हसून झाले असेल तर कारण ऐक. माझा डावा पाय पुढे असतो, त्यामुळे उतरताना तोंड उजवीकडे आणि पाठ डावीकडे. टाचेवरचे वळण डावीकडे जाते, म्हणजे जिकडे मला काही दिसत नाही तिकडेच मी वळतो. इथला नियम असा की जो पुढे, खाली आहे त्याचा हक्क आधी आणि मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचे. पण नियम पाळणारा वरून येतोच असे नाही. त्या बाजूचे सगळे ज्ञान कानांना होते. मागून येणाऱ्या स्कीचा सुळ्ळ आवाज, "डावीकडून येतोय" अशी कोणाची हाक, कडक बर्फावर कड घासल्याची खर्र, हे ऐकू आले की अंग आपोआप वळण आटोपते घेते. गाणे लावले की यातले काहीच पोचत नाही, आणि वेग वाढला की वाऱ्याच्या घोंघावण्यावर मात करायला आवाज आणखी वाढवावा लागतो.

म्हणजे माझी आठ-आठ मात्रांची वळणे समान होती ती मला भीती ऐकू येत नव्हती म्हणून. हाच काटा रुतून बसला आहे. तू पूर्वी म्हणायचास की यंत्रावर लेहरा लावून रियाज करणाऱ्याला लय येत नाही, लय यंत्राला येते. तेव्हा मी तुझ्याशी कडाडून भांडलो होतो, कारण यंत्र आले की माझी गरज संपणार होती. आज तोच प्रश्न माझ्या पायांपुढे आहे: बहिरे होऊन साधलेली समान लय खरी, की जागे राहून चालणारा हा रूपक? शिवाय उताराला सम कळत नाही. जिथे बर्फ कडक आहे तिथे वळण त्या बर्फाच्या हिशेबाने घ्यायला हवे, आणि मी मात्र समेची वाट पाहत ते लांबवत नेतो. ठेक्याला बांधलेल्या माणसाचे हे खास दुखणे आहे, ते स्मिताला काय कळणार.

मुक्ता म्हणते की हाफपाइपचे, म्हणजे बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या घळीत उड्या मारणारे, मोठमोठे खेळाडू कानात गाणे लावूनच उतरतात, आणि ते खरे आहे. फिगर स्केटिंगमध्ये संगीत सगळ्या सभागृहाला ऐकू येते आणि नाचही त्यावरच बांधलेला असतो. इथे ते एकट्या खेळाडूच्या कानात, परीक्षकाला पत्ताही नाही. पण हाफपाइपमध्ये मागून कोणी येत नाही. एका वेळी एकच जण उतरतो. माझ्या डोंगरावर शनिवारी निम्मे व्हँकूवर उतरते, आणि त्यात मुक्ता कानात ढणढणाट लावून पुढे असते. मी मागून "मुक्ता, डावीकडे बघ" असे ओरडतो, तेव्हा तिच्याखेरीज सगळे वळून बघतात. तिला बंदी करावी, तर माझ्या हेल्मेटमध्ये तू बसलेला असतोस.

हाडांतून आवाज पोचवणारे, कान मोकळे ठेवणारे हेडफोन पाहिले, पण हेल्मेटखाली ते टोचतात. सध्या उजव्या कानाला लेहरा आणि डावा कान रिकामा अशी तडजोड चालू आहे. वर्गात तीही चालत नाही, आणि परीक्षा मार्चमध्ये आहे.

तुझे काय? नवे घर ताब्यात मिळाले का? कार्तिकच्या नोकरीचे कळव, आणि वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले असेल तर तारीखही. क्लास बंद करायचे तू लिहिले होतेस, ते मी वाचलेच नाही असे समज.

एक काम कर. तबला अजिबात न वाजवता नुसत्या हाताच्या टाळीने तीनताल धरलेले दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग पाठव, मध्यलयीत. ते मी घरी ऐकेन, डोंगरावर नाही. आणि कृपा करून शेवटी चढवू नकोस.

तुझा,
बंड्या