प्रकल्पाला श्रेयांक दिले, मार्गदर्शनाला वेळही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून एम.ए.चा आराखडा बदलला. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) १० श्रेयांक आता संशोधन प्रकल्पाचे आहेत. तिसऱ्या सत्रात ४, चौथ्या सत्रात ६. त्याआधी पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर असतो. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या आराखड्यात दुसरे वर्ष प्रकल्पाविना, निव्वळ वर्गातल्या पेपरांचे ठेवण्याचीही मुभा दिली. तेव्हापासून ‘खेड्यातल्या मुलांना कशाला हवा प्रकल्प, पर्यायी करून टाका’ असे सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकते. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि मला हे मुळीच पटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्याच गावातल्या शेतीअवजारांचे शब्द गोळा केले. वखर, पास, तिफण, चाडं, शिवळ, रुमणं. गावात पेरणी ट्रॅक्टरने होते, त्यामुळे निम्मे शब्द त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. आजोबांच्या वयाच्या चार जणांकडे तो दोन महिने जात राहिला. एकाच वस्तूला शेजारच्या गावात वेगळा शब्द निघाला, त्या दिवशी रात्री साडेनऊला त्याने मला फोन केला. वर्गात दोन वर्षे बोलीविज्ञान शिकवून जे साधले नसते, ते त्या एका शब्दाने साधले. एम.फिल. ही एम.ए.नंतरची छोटी संशोधन पदवी आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. पीएच.डी.च्या आधी स्वतः काही शोधून पाहण्याची संधी आता या मुलांना इथेच मिळते.

पण असा विद्यार्थी चौदांमध्ये एक. बाकीच्यांचे काय झाले, हेही लिहिले पाहिजे. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरे, ऐंशी पाने. आत कोणाच्या तरी जुन्या प्रबंधिकेची प्रकरणे आणि वर नवे नाव. अशा ‘तयार’ फाइली झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांतल्या काहींवर सही केली आहे. त्याची मला लाज वाटते.

मुले आळशी आहेत म्हणून हे होत नाही. चौदा जणांचे विषय ठरवायचे, कच्चे मसुदे वाचायचे, मुलाखतीचे प्रश्न दुरुस्त करायचे, हे काम आमच्या कार्यभारात कुठेच मोजले जात नाही. तासिकेचे मानधन वर्गात उभे राहून शिकवल्याचे मिळते. मसुदा वाचल्याचे नाही. अनेक मुले सकाळी एस.टी.ने येतात, दुपारी कामावर जातात. त्यांना भेटायचे तर तास संपल्यावर थांबावे लागते, आणि तेव्हा मला दुसऱ्या कॉलेजात पोहोचायचे असते. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात आणि एकेकाला पाच मिनिटांत मोकळे करतात. तेवढ्या वेळात उसनी फाइल आणि दोन महिन्यांची पायपीट यांत फरक कळणार कसा?

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे. प्रकल्प काढू नका. ऐंशी पानांची अपेक्षा तेवढी सोडा. पंचवीस पाने चालतील, पण माहिती विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेली हवी आणि तिची टिपणवही सोबत जोडलेली हवी. एका मार्गदर्शकाकडे पाच-सहापेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नका. मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात लावा आणि तासिकेवरच्या शिक्षकांनाही त्यांचे मानधन द्या. आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला निदान वीस मिनिटे बोलू द्या.

आपली,
एम.ए. मराठीची एक शिक्षिका, जि. परभणी