ताई, आमच्या चिंगी मांजरीच्या शिकारींच्या बाबतीत तुम्ही केलेल्या मदतीसाठी

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत. कारण ज्यांच्या घरी बाहेर फिरणारं मांजर आहे त्या जवळजवळ सगळ्यांना हा त्रास आहे आणि कोणाला विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, एक तर ‘मांजरच ते, शिकार करणारच’ नाहीतर ‘मग पाळायचंच कशाला, देऊन टाका’. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. फोन उचलल्या उचलल्या विचारलंत, पक्षी जिवंत आहे का? आणि लगेच, मांजर आत्ता कुठे आहे?

चिंगीने चिमणी आणली होती. सोफ्याखाली पिसं पडलेली, चिमणी चोच उघडी टाकून धापा टाकत होती आणि घरात सगळे एकदम बोलत होते. तुम्ही एकेक गोष्ट सांगत गेलात, चिंगीला दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावा, तिला ओरडू नका, मऊ कपड्याने चिमणीला हलकेच उचला, पुठ्ठ्याच्या बॉक्सला भोकं पाडून त्यात ठेवा, वर झाकण, अंधार आणि शांतता. पाणी चोचीत घालू नका, दूध तर अजिबात नाही. अंगावर रक्ताचा थेंबही नव्हता म्हणून आम्हाला वाटत होतं की आता थोड्या वेळाने सोडून देऊ. तेव्हा तुम्ही सांगितलंत की मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम पिसांखाली दिसतच नाही, आणि मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे बॅक्टेरिया असतात ते पक्ष्याच्या रक्तात गेले की अँटिबायोटिक्स मिळाल्याशिवाय तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातो. म्हणून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचाच. हे किती जणांना माहीत असतं?

ती चिमणी नाही वाचली. तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत, गोल गोल न बोलता, आणि पुढे म्हणालात की आता पुढची चिमणी येऊ नये म्हणून काय करायचं ते बघू या. खरे आभार मला या वाक्यासाठी मानायचेत.

चिंगीला दोन्ही वेळ पोटभर खायला असतं, तरी ही उपाशी आहे का असं येणारा जाणारा विचारायचा. भूक आणि शिकार मांजरात वेगवेगळी चालते, पोट भरलेलं असलं तरी काहीतरी हललं की ती झेपावणारच, हे तुमच्याकडूनच कळलं. घरी का आणते तर घर ही तिची सगळ्यात सुरक्षित जागा, तिथे निवांत खाता येतं किंवा ठेवून देता येतं. मांजरी पिल्लांना पण शिकार अशीच आणून देते, आधी मेलेली आणि पिल्लं मोठी झाली की अर्धमेली. मग तुम्ही अमेरिकेतल्या जॉर्जियातलं ते सांगितलंत, मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे लावून बघितलं तर पकडलेल्यातलं जेमतेम पाव घरी आलं आणि निम्मं तिथेच टाकून दिलेलं. म्हणजे आपल्या दारात दिसतं ते थोडंच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण बरं झालं सांगितलंत, कारण तोपर्यंत आम्ही फक्त ‘घरात घाण नको’ एवढाच विचार करत होतो.

गळ्यात घंटी बांधा असं सगळे सांगतात. तुम्ही मात्र इंग्लंडमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीचा 2021 चा अभ्यास सांगितलात, साडेतीनशेच्या वर मांजरं होती त्यात. घंटीने काही खास फरक पडलाच नाही. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलं तर घरी येणारी शिकार 36 टक्के कमी, रोज 5-10 मिनिटं खेळवलं तर 25 टक्के कमी, आणि कॉलरवर ते रंगीबेरंगी कापडी कव्हर घातलं की पक्षी 42 टक्के कमी, कारण पक्ष्यांना भडक रंग लांबूनच दिसतात. खाणं शोधून काढायचे ते पझल फीडर मात्र उलटे पडले, 33 टक्के वाढ! आम्ही तोच आणणार होतो, तुम्ही वेळेत थांबवलंत. कॉलर पण अशीच घ्या सांगितलंत की कुठे अडकली तर आपोआप उघडेल.

खेळाचं तर तुम्ही अगदी करून दाखवलंत. काठीला दोरी, दोरीला पिसं, आणि ती मांजराच्या तोंडासमोर नाचवायची नाही तर तिच्यापासून लांब पळवायची, उशीआड लपवायची, थांबवायची, कारण शिकार कधी मांजराच्या अंगावर धावून येत नाही. चिंगी आधी नुसती बघते, मग पोट जमिनीला टेकवून मागचे पाय चुळबुळ चुळबुळ हलवते आणि एकदम झेप! शेवटी तिला पकडू द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं, की ती खाऊन, अंग चाटून झोपते. हे आम्ही दिवस मावळताना करतो आणि पहाटे-संध्याकाळी तिला बाहेर सोडतच नाही. सुरुवातीला दाराशी बसून इतकी रडायची की आईला बघवेना, पण खिडकीपाशी उंचावर जागा करून दिली तशी हळूहळू रमली.

उंदराचं वेगळं लिहितेय कारण ते फार कामाचं आहे. आजूबाजूला कोणी उंदराचं औषध ठेवलंय का ते आधी विचारून या असं तुम्ही सांगितलंत. बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं थांबतं, उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो, मग मांजराच्या तावडीत सहज सापडतो आणि ते विष मांजराच्या पोटात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, मांजर मलूल झालं, तर वाट बघायची नाही, व्हिटॅमिन के वन देऊन वाचवता येतं पण वेळेत पोचायला हवं. आम्ही शेजारी बोललो, त्यांनी पिंजरा लावला. उंदरांमुळे टेपवर्म होतात म्हणून जंतांचं औषधही आता डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी देतो. आणि वहिनीला दिवस गेलेत, तेव्हा मांजर घरात नको असं सगळे म्हणायला लागले होते, तुम्ही शांतपणे समजावलंत की टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असलेल्या परजीवीची, भीती खरी आहे पण लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, वहिनीने साफ करू नये, दुसऱ्याने रोजच्या रोज करावं, कारण शी ताजी असताना तिच्यातून लागण होत नाही, त्याला निदान एक दिवस तरी जावा लागतो. चिंगी घरातच राहिली, ताई, ते तुमच्यामुळे.

शिकार पूर्ण बंद झालीये असं नाही. मागे पाल आणली होती. पण ट्रीटचा डबा वाजवला, तिने पाल सोडली, खोलीचं दार लावलं आणि पाल बाहेर सोडून दिली, ओरडाआरडा नाही की मागे धावणं नाही.

तुमच्याकडे बॉक्स आणि जुने टॉवेल कायम कमी पडतात म्हणाला होतात ना, आम्ही गोळा करून धुऊन ठेवलेत. कधी आणून देऊ तेवढं कळवा.